कानामागे धरलेला स्क्रूड्रायव्हर

आबा, शेवटची काही वर्षं तुमच्याशी पाटीवर लिहूनच बोलावं लागायचं. म्हणून असेल, तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की माझा हात आधी लिहायला लागतो. आज सांगायचं आहे ते टीव्हीबद्दल. आई असती तर म्हणाली असती, हिला दुसरं काही सुचतं का.

ढोकीला साखर कारखान्याच्या कॉलनीत आपल्या घरी टीव्ही आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुण्याच्या मामाने दिलेल्या एका कॅसेटमुळे पार बिघडलेली होते. हेवी मेटल. त्या गिटारींनी मला वेड लावलं होतं. टीव्हीवाल्यांना मात्र माझ्यासारखी माणसं या देशात आहेत याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे सतरंजी, मागे पडदा, बाजूला फुलदाणी आणि गाणाऱ्याच्या अंगावर शाल. सिनेमातली गाणी आठवड्यातून एकदा, तीही मोजून मापून. विदेशी संगीत कधीमधी लागायचं, पण सूट घातलेलं, गोड गळ्याचं. मी दर वेळी आशेनं बसायचे आणि तोंड पाडून उठायचे. आवाज म्हटलं की त्या लोकांना भीतीच वाटत असावी. कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या आपल्या घरात आवाजाची कसली भीती?

तुम्ही मिलमध्ये फिटर. ऊस चिरडणाऱ्या त्या रोलरांपाशी कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही, सगळे खुणांनी बोलायचे. मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून उभे असायचात. बेअरिंग आतून नीट फिरतंय की खरखरतंय, ते तुम्हाला तसं कळायचं. मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. होता नव्हता तो ऊस गुरांच्या छावण्यांना गेला आणि कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. तुम्ही दिवसभर घरात बसायला लागलात, आणि तेव्हा आम्हाला कळलं की तुम्हाला ऐकू येत नाही. मिल चालू होती तोवर ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, बहुतेक तुमच्याही नाही. आई काही बोलली की तुम्ही हसून मान डोलवायचात.

त्याच उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. कुणाच्या चुकीनं कोण जाणे, टीव्हीवर माझ्या कॅसेटमधलं गाणं लागलंय. काळ्या कपड्यातली, लांब केसांची माणसं, भोवती धूर. मी आवाज होता तेवढा वाढवते. आई पिठाच्या हातानं बाहेर येते, टीव्हीच्या बटणाकडे बोट दाखवते. "बंद कर की ते. डोकं उठलं माझं." तुम्ही पडद्याकडे बघत बसलेले. मग तुम्ही उठता, खुंटीवरच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढता, टोक टीव्हीच्या लाकडी पेटीवर टेकवता आणि मूठ कानामागे धरून डोळे मिटता.

"ऱ्हाऊ दे," तुम्ही आईला म्हणता. "मिल चालू झाल्यावानी वाजतंय." आणि मग डोळे उघडून, पडद्याकडे बघत मला, "बाई लई दमाची हाय."

पडद्यावर बाई नव्हती, आबा. ते केस बाप्याचे होते आणि तो जीव खाऊन किंचाळत होता. म्हणजे त्याचा गळा तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. गाणं संपलं, फुलदाणी परत आली. पण तेव्हापासून एक गोष्ट मला कुरतडत राहिली. तुम्हाला खरंच काही ऐकू आलं होतं, की लेकीचं मन मोडू नये म्हणून तेवढं बोललात?

पुढे किती तरी संध्याकाळी आपण दोघं टीव्हीसमोर बसलो, तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन. ते गाणं काही पुन्हा लागलं नाही. दिवसभर गाणीच दाखवणारी चॅनेलं आली तेव्हा तुम्ही नव्हतात. त्यांनीही आमचं संगीत कुठल्या तरी आडवेळेला ढकललं आणि काही दिवसांनी तेवढंही काढून टाकलं. टीव्हीवाल्यांवर माझा राग आहे तो यासाठी. अजून एकदा लावलं असतं, तर मी पडद्याकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं.

परवा तुमचा स्क्रूड्रायव्हर शोधून काढला. घरात कुणी नव्हतं. तेच गाणं लावलं, टोक स्पीकरवर टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. गळा आला नाही. गिटारही नाही. ड्रम मात्र आला, थेट कवटीत, रोलर फिरावेत तसा. म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं, आबा. मी तिथंच बसून खूप रडले.

तुमच्यासारखेच माझेही कान गेलेत, हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. पोरं काही बोलली की मी हसून मान डोलावते.