भट्टीमागची चार इंची भिंत

मृत्युपत्र लिहून ठेवणार: साधना किसन मुनेश्वर, वय ५१ वर्षे, धंदा बेकरी, राहणार बसस्टँडमागे, आर्णी, जिल्हा यवतमाळ.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की, माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब थोडा वर असतो, तो नातेवाइकांमुळे. कोणी दम दिला, फूस लावली किंवा हात धरून लिहवून घेतले असे काही नाही. दस्तलेखकाने कच्च्या कागदात ‘ईश्वरसाक्ष’ असे घातले होते; ते खोडून मी ‘संविधानाला स्मरून’ असे केले. ‘आयुष्याचा भरवसा नसल्यामुळे’ हेही त्याचेच. तेही खोडले. आयुष्याचा मला भरवसा आहे. भिंतीचा नाही, म्हणून हा कागद.

१. घर. आमची आई इंदूबाई हिने हयातीतच घराचे दोन भाग केले. पूर्वेकडचा मला, पश्चिमेकडचा माझा धाकटा भाऊ धर्मपाल याला. मधली भिंत त्याने घालायची असे ठरले. नऊ इंची ठरली होती, त्याने चार इंची घातली. वाचलेल्या विटांचा त्याने मागे संडास बांधला. तो आजही माझ्या भिंतीपेक्षा मजबूत आहे.

१९९७ साली मी बेकरी सुरू केली तेव्हा लाकडाची भट्टी याच भिंतीला टेकवून बांधली. मोकळ्या बाजूला जागा होती. पण धर्मपालच्या घरात उन्हाळाभर माझी आठवण राहावी अशी तेव्हा माझी तीव्र इच्छा होती. हे कबूल करायला मृत्युपत्रापेक्षा बरी जागा सापडली नाही.

माझा पूर्वेकडचा भाग मी धर्मपालची मुलगी मोनाली, वय २३, हिला देते. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. ती भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाढली: जेवायला इकडे, बोलणी खायला तिकडे.

२. माझे यजमान वणीला कोळसा खाणीत नोकरीला होते, आता निवृत्त झाले असतील. बावीस वर्षांत भेट नाही, सोडचिठ्ठीही नाही, म्हणून कायद्याने त्यांचे नाव घ्यावे लागते. ते घेतले. त्यांना मी काहीही देत नाही. मी घर सोडून निघताना माझी शिलाई मशीन त्यांनी ठेवून घेतली होती, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी.

३. बँकेत जे असेल ते मोनालीचे. किती आहे ते तिने स्वतः जाऊन पाहावे. इथे आकडा लिहिला तर धर्मपाल तो तिच्याआधी वाचेल.

४. हत्यारे. साचे, फिरता पाट, क्रीमच्या पिशव्या आणि बत्तीस नोझल मोनालीला. त्यातले गुलाबाचे नोझल वाकडे आहे. सरळ करू नये, त्याच्या वाकडेपणामुळेच पाकळी उमलते. केकवर नाव काढायला ती बारा वर्षांची असताना शिकली. एकच गोष्ट लक्षात ठेवावी: नवरा-नवरीची नावे कागदावर लिहून घ्यावीत आणि खाली दोन्हीकडच्या माणसांच्या सह्या घ्याव्यात. माझ्या धंद्यात जेवढी भांडणे झाली ती चवीवरून नाही, कोणाचे नाव वर यावरून झाली.

५. थर्माकोल. हे कलम जाहीर वाचले तर तालुक्यातली काही घरे माझ्यावर चालून येतील. तेव्हा मी नसेन, म्हणून लिहिते.

लग्नात जो पाच मजली केक लोक पाहतात, त्यात वरचा एकच थर खरा असतो. खालचे चार थर्माकोलचे, वरून क्रीम. तिसऱ्या थराला मागून एक खाच ठेवलेली असते, त्यात खऱ्या केकचा तुकडा बसवायचा. नवरा-नवरी तिथेच सुरी घालतात, टाळ्या होतात, केक आत नेतात आणि पाहुण्यांना पत्र्याच्या ट्रेमधला साधा केक वाटतात. अकरा वर्षांत तेच चार थर मी धुऊन पुसून शंभरावर लग्नांत उभे केले. कापूस पडेल भावाने गेला त्या वर्षीही उंची कमी झाली नाही. उलट त्याच वर्षी लोकांनी सहावा मजला मागितला.

महागावला एका लग्नात नवरदेवाने उत्साहात सुरी भलत्याच बाजूने घातली. थर्माकोल कापताना जो आवाज होतो तो मांडवभर गेला. बँडमास्तर लखीराम राठोड यांनी प्रसंग ओळखून त्याच क्षणी बँड सुरू केला आणि दोन कुटुंबांची अब्रू वाचवली, तिसरी माझी. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकील म्हणतात. लखीराम साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना काहीच देत नाही. फक्त एक काम सांगते, ते कलम ९ मध्ये आहे.

थर्माकोलचे चारही थर माझ्यानंतर मोडून टाकावेत. वारशाने ते कोणाकडे जाऊ नयेत.

६. मोनालीचे लग्न परवा, रविवारी, १२ तारखेला आहे. मुलगा अश्वजित, चांगला आहे, बोलतो कमी. डिसेंबरात ती माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, “आत्या, माह्या केकात थर्माकोल नको.”

मी म्हटले, “पाचही खरे करतो. तुह्या बापाले दात लागतीन असे खरे.”

“बाबा खाईन काय तुह्या हातचं?”

“नाही खाल्लं त पाहीन तरी.”

हा शब्द मी दिला आणि तो माझ्याकडून मोडतो आहे. तीन थर भाजून झाले. दोन राहिले ते थर्माकोलचे असतील. कारण पुढच्या कलमात.

७. कापूस. मागच्या वर्षी भाव चढला तेव्हा धर्मपालने आधीच विकून टाकला होता. यंदा त्याने ठरवले की मागच्या वर्षीचा भाव परत येईपर्यंत बोंड विकायचे नाही. भाव काही आला नाही, कापूस मात्र घरात आला. आधी बैठकीत, मग माजघरात, मग मोनालीच्या खोलीत आढ्यापर्यंत. तिची बाज काढून अंगणात ठेवली. डिसेंबरपासून ती कापसावरच झोपते. तो ढीग माझ्या भट्टीच्या भिंतीला लागून आहे.

जानेवारीत एक व्यापारी बघायला येणार होता. आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला फवारणीच्या पंपाचा आवाज आला. घरात फवारणी कशाची? वजन वाढावे म्हणून धर्मपाल कापसावर पाणी मारत होता. असे करणारा तो जिल्ह्यात पहिला नाही. पण व्यापारी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वेचणीच्या दोन बैलबंड्या आल्या आणि त्याने कोरडा कापूस ओल्यावर टाकून दाबला. आठ दिवसांनी भिंतीच्या फटीतून आंबूस वास येऊ लागला. मी पंधरा वर्षे खमीर वापरते. आत काहीतरी फुगते आहे, काम करते आहे, तो वास मी झोपेत ओळखीन.

अंगणातून मी त्याला हाक मारली. आमचे बोलणे असे झाले. ते शब्दशः लिहिते, कारण पुढे तो नाही म्हणेल.

“धर्मा, भिंत गरम हाये.”

“भट्टी तुही हाये ताई. पंधरा साल झाले, गरमच हाये. आज कायले बोंबलून राह्यली?”

“तू पाणी मारलं त्या दिवसापासून येगळी गरम हाये.”

“कोन म्हनते पानी मारलं?”

“भिंत चार इंची घातली ना तू? सगळं ऐकू येते.”

“आन् तू लोकायले थर्माकोल विकतं, ते?”

“थर्माकोलवर कोनी झोपत नाही, धर्मा.”

यावर तो आत गेला. त्याचे म्हणणे एवढेच की ऊब माझ्या भट्टीची. म्हटले ठीक, पाहू. मंगळवारी, ७ तारखेला दुपारी, ऐन लग्नसराईत मी भट्टी विझवली. राख काढली, पाणी मारले, दार उघडे टाकले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

८. विझल्यावर भट्टी दोन दिवस ऊब धरते, हे मला कोणी शिकवू नये. म्हणून मी घाई केली नाही. रोज सकाळी चारही भिंतींना डालड्याची एकेक गोळी चिकटवत गेले. फेब्रुवारीतल्या सकाळी तीन भिंतींवरच्या गोळ्या जशाच्या तशा राहिल्या. चौथी रोज ओघळली. आणि ओघळली ती भट्टीजवळची नाही. भट्टीपासून सहा हात पुढे, जिथे माझ्या बाजूला काहीच नाही आणि पलीकडे तो ओला, दाबलेला कापूस आहे.

माझी मांजर हिवाळाभर भट्टीवर झोपते. बुधवारी ती तिथून उठली आणि भिंतीला चिकटून बसली. आज ती तिथेही बसत नाही.

काल मोनालीला हळद लागली. मी धर्मपालला म्हटले, पोरीला दोन रात्री माझ्याकडे झोपू दे. तर म्हणाला, हळद लागल्यावर नवरी उंबरठा ओलांडत नाही. हा माणूस दर १४ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, माइक हातात धरून सांगतो की आपण सगळ्या रूढी सोडल्या. एक त्याने सांभाळून ठेवली होती, या कामासाठी.

आज सकाळी मी हळदीच्या अंगाची मोनाली पाहायला गेले. खुशीत होती. म्हणाली, “आत्या, तुह्या भट्टीची ऊब खालून येते ना, मस्त झोप लागते. काल त अजूनच.”

भट्टी बंद असल्याचे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही. घरी आले आणि दस्तलेखकाला बोलावले.

९. आता करायचे ते. विझवायला बंब लांबून येतो आणि धुरासाठी येतो, उबेसाठी येत नाही. म्हणून पिठाची सहा रिकामी पिंपे मी पाण्याने भरून अंगणात लावली आहेत. सह्या झाल्यावर लखीराम यांनी बँड धर्मपालच्या दारात उभा करावा आणि मोठ्याने वाजवावे. भावकी जमेल. भावकी जमली की धर्मपाल हसऱ्या तोंडाने बाहेर येतो, त्याला दुसरे येत नाही. वाजतगाजत नवरी उंबरठा ओलांडते तेव्हा तिला कोणी नाव ठेवत नाही. दुसऱ्या साक्षीदार विमलताई, तुम्ही तिचा हात धरून तिला तुमच्या घरी न्यायचे. ती रडली तरी, मला शिव्या दिल्या तरी.

त्यानंतर ढीग उपसायचा. दाबलेला निखारा निजलेला असतो. दार उघडले, वारा लागला, की तो जागा होतो. हे भट्टीवाल्याला जेवढे ठाऊक असते तेवढे शेतकऱ्याला नसते. म्हणून तो ढीग मी उपसणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आधी पोरगी, मग ढीग. हा क्रम कोणीही बदलू नये. धर्मपालने तर मुळीच नाही. त्याला एका लेकीचे कन्यादान करायचे आहे, आणि कन्यादान हा शब्द आपण सोडला असला तरी उभे तर राहावे लागेल.

१०. धर्मपालला मी ती भिंत देते. दोन्ही बाजूंनी. पडलीच तर नऊ इंची बांधावी. भट्टी मी सूड म्हणून तिथे बांधली, त्याने भिंत लोभ म्हणून तशी घातली; मधल्या चार इंचांत पोरगी झोपत होती, हे दोघांच्याही ध्यानात पंधरा वर्षे आले नाही. त्याच्यावरचा राग मी या कागदात कोणाला देत नाही. तो माझ्याबरोबर संपला असे समजावे.

११. रविवारी मी असले तर केक मी लावीन. नसले तर मोनालीने स्वतः नावे काढावीत, आपले वर लिहावे. खालचे दोन थर थर्माकोलचे आहेत हे सुरी घालण्याआधी अश्वजितला सांगावे. संसाराची सुरुवात तेवढ्या खरेपणाने झाली तरी पुष्कळ.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. असा प्रसंगच आला नव्हता.

ठिकाण: आर्णी
दिनांक: १० फेब्रुवारी २०१२, शुक्रवार, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे

(सही) साधना किसन मुनेश्वर

साक्षीदार: साधनाबाईंनी आम्हा दोघांसमोर, वाचून, समजून, आपल्या हाताने सही केली. सही करण्याआधी त्यांनी आम्हांला दोन ठिकाणी हात लावून पाहायला सांगितले. ते आम्ही पाहिले.

१. (सही) लखीराम धावजी राठोड, बँडमास्तर, आर्णी. उभ्यानेच सही केली आहे. पोरांना आणायला पळतो.

२. (सही) विमलताई गोविंद भगत, निवृत्त शिक्षिका, आर्णी. भट्टी गार आहे, आत कोपरापर्यंत हात घातला. भिंतीवर दहा मोजेपर्यंत हात ठेवणार होते. चारवर काढला.