प्रत्येक जागेला दोन माणसं

प्रिय डावऱ्या,

रविवारीच फोनवर तासभर भांडलो आणि पाठोपाठ हे पत्र, म्हणजे या बिनसनदी वकिलाचं डोकं फिरलं असं तू वहिनींना सांगशील. खुशाल सांग. मला फोनवर जमत नाही. आपण दोघं बोलायला लागलो की दुसऱ्या वाक्याला आपला फुटबॉल क्लब आडवा येतो आणि बाकी सगळं राहून जातं. रविवारीही तेच झालं. मी सांगितलं की आपल्या स्टोअरवाल्याचं, कुलपाचं, गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन आहे आणि तो तुझी आठवण काढतोय. तू म्हणालास, ज्याने पाठीत सुरा खुपसला त्याच्या उशाशी बसायला तुला सवड नाही. मग लगेच विचारलंस की क्लब डावा बचावपटू घेणार आहे की नाही. आणि मी निमूटपणे त्याचं उत्तर दिलं. तेव्हापासून मला घास गोड लागलेला नाही.

तर आधी ते क्लबचं संपवतो, नाहीतर तुझं पुढच्या मजकुरात लक्ष लागायचं नाही. खेळाडूंच्या ट्रान्सफरची मुदत संपायला चार दिवस उरलेत आणि आपल्या शहाण्यांनी आणखी एक स्ट्रायकर आणलाय. म्हणजे पुढे पाच नवरदेव, आणि मागे डावीकडे तो एकटा कुरळ्या केसांचा, ज्याची मांडी दर दोन महिन्यांनी धरते. तू म्हणत होतास, मोठं नाव नको, खालच्या श्रेणीतला तो सडपातळ गडी घ्या, जो महिना महिना बाकावर बसेल आणि बोलावलं की धावेल. मी म्हटलं, बाकावर बसायला जो राजी असतो तो मैदानात काय दिवे लावणार. ते उगाच तुला चिडवायला. तुझंच बरोबर आहे. अकरा जणांत एखादा सामना निघतो, हंगाम निघत नाही. दरवर्षी थंडीत आपली टीम इथेच बसते आणि दरवर्षी मी ते मान्य करत नाही.

कारखान्याच्या कॅंटीनमध्ये मागच्या टेबलावर तू हेच घोकायचास. कटिंग खात्यात उरलेला पुठ्ठ्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत दोन नावं लिहायची, एक खेळणारा आणि एक त्याच्या जागी उभा राहू शकणारा. जिथे एकच नाव ती जागा रिकामी धरायची, हा तुझा कायदा. माझा कायदा वेगळा होता. तिशी उलटली की, किंमत येतेय तोवर विकून मोकळं व्हायचं. कुलूप आपल्या दोघांच्या मध्ये बसून डबा खायचा. आपण अर्धा तास घसा कोरडा करायचो, मग तो हात धुऊन यायचा, पेन उचलायचा, एका नावावर काट मारायचा आणि एक अक्षर न बोलता स्टोअर उघडायला निघून जायचा. त्या एका काटेवरून आपण दोघं संध्याकाळपर्यंत त्याच्यावर धुसफुसायचो. बावीस वर्षं हेच चाललं. खोकी किती बनवली ते देवाला ठाऊक, पण टीम आपण शेकडो बनवल्या.

शेवटच्या वर्षीचं ते भांडण तुला आठवत असेलच. आपला जुना डावा बचावपटू चौतिशीला आला होता. मी नाकाने कांदे सोलत सांगितलं की पाय मंदावले, भावनेने कप मिळत नसतात, काढा त्याला. तू म्हणालास की पाय मंदावले असतील, पण कुठे उभं राहायचं हे त्याला कळतं, आणि ते विकत मिळत नाही. दोन दिवस तू माझ्याबरोबर चहा घेतला नाहीस. क्लबने त्याला सोडलं आणि मी अख्ख्या कॅंटीनला ऐकवलं. मग त्या हंगामात त्याच बाजूने अकरा गोल खाल्ले. तू मला एकदाही टोमणा मारला नाहीस. मारायला हवा होतास.

त्याच सुमारास कारखान्यात नवं मशीन आलं. तुझी बोटं तेव्हाच कुरकुरायला लागली होती. नळावर हात धुताना तू मला सांगितलंस की दुपारनंतर उजव्या हाताची दोन बोटं बधिर होतात, आणि कुणाला बोलू नको. कुलपाकडे तू मशीनच्या मुठीला चढवायला जाड रबर मागितलंस. त्याने काही न विचारता कापून दिलं. म्हणजे ठाऊक असणारे आम्ही दोघंच. तुला काढलं त्या दिवशी नव्या मॅनेजरच्या तोंडून बोटांची गोष्ट निघून गेली. तू केबिनमधून तडक स्टोअरच्या खिडकीशी गेलास आणि चारचौघांत त्याला नको नको ते बोललास. माझ्यावर तुला संशयसुद्धा आला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. तुला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. मी मूग गिळून उभा राहिलो, तुझं सामान पिशवीत भरलं, तुला घरी सोडलं आणि वहिनींनी वाढलेलं पोटभर जेवलो.

डावऱ्या, तो मॅनेजर माणसं ओळखत नव्हता. त्याने मला बोलावून सांगितलं की नव्या मशीनवर कोण हवा, कोण नको, ते लिहून दे. मी पुठ्ठा घेतला आणि चौकटी आखल्या. मला मजा आली. एवढं एक वाक्य लिहायला तीन वर्षं लागली. कुणी धमकावलं नव्हतं, कसलं आमिष नव्हतं. क्लबची टीम लावावी तसा मी रंगून गेलो होतो. तुझ्या कायद्याने प्रत्येक जागेला दोन माणसं लिहिली, आणि माझ्या कायद्याने खाली काढायच्यांत तुझं नाव, पुढे वय, त्यापुढे 'बोटं बधिर होतात'. पेन ठेवल्यावर काय लिहिलंय ते दिसलं, तरी मी तो पुठ्ठा नेऊन दिला, कारण टीम बरोबर लागली आहे असं मला वाटत होतं. मॅनेजरने तो पुठ्ठा नव्या मशीनवरच्यांचे गणवेश काढायला स्टोअरमध्ये पाठवला. कुलपाने माझं अक्षर ओळखलं. तो मला एवढंच म्हणाला की हे तू सांग, मी सांगणार नाही. मी हो म्हणालो आणि तीन वर्षं दर रविवारी तुझ्याशी फुटबॉलवर बोलत राहिलो. शेण मी खाल्लं आणि तोंड त्याचं काळं झालं. काल मी दवाखान्यात गेलो होतो. त्याने विचारलं, डावऱ्याला सांगितलंस का. मी पुन्हा हो म्हणालो, आणि तो इतका खूश झाला की उठून बसला आणि तू येशील म्हणून बायकोला दुसरी खुर्ची आणायला लावली. म्हणून हे पत्र माणसाहाती पाठवतोय. बुधवारी चार ते सहा भेटायची वेळ आहे. माझं काय करायचं ते नंतर ठरव. त्या दोन तासांत मी तिथे नसेन.

तुझाच म्हणायची सवय आहे, हक्क उरलाय की नाही ते तू बघ,
वकील