फळ्यावरची रिकामी जागा

रविवार, २४ नोव्हेंबर २०१९

चि. वेन,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तिकडे वाळवंटात तूही बरा असशील असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. सरोवराकडून वारा सुटलाय, बर्फ पायरीला लागलं. चर्चमध्ये पाद्री नवीन आलाय. प्रवचन लांबवतो आणि कॉफी पातळ करतो.

माझं शिक्षण आठवीचं, उरलेला जन्म शाळेच्या भटारखान्यात गेला, तेव्हा अक्षराला हसू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय.

तू माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून जे बनवलंस आणि ज्याला मला न विचारता माझं नाव दिलंस, त्या हेल्मीबद्दल आहे. तिच्यावर लोक आपापल्या वेबसाइटी उभारतात, एवढं मला कळतं. ज्या पायथन भाषेत तू ती लिहिलीस, त्या भाषेच्या जुन्या आवृत्तीकडे एक जानेवारीपासून कोणी बघणार नाही. कुठे भोक पडलं तर पडलं. म्हणून कायसा, तुझीच लेक, वर्षभर हेल्मीला नव्या आवृत्तीत नेतेय. दिवसा वाचनालयात नोकरी आणि घरी आली की हे. फुकट.

"एवढं काय बदललं त्या भाषेत?" मी विचारलं.

"खूप, मुम्मू. पूर्वी नुसतं 'छाप' म्हटलं की छापायची. आता कंसात घालून सांगावं लागतं."

"म्हणजे म्हातारपणी मानपान वाढले."

"तुझ्यासारखेच," म्हणाली कार्टी.

जगभरातून लोक तिला लिहितात. हेल्मी हळू चालते. हेल्मी हट्टी आहे. हेल्मीला नवीन काही शिकवता येत नाही. शेजारच्या लेम्पीला हे वाचून दाखवलं तर तिला हसून ठसका लागला. एका नॉर्वेवाल्यानं मात्र लिहिलंय, हेल्मी जुनाट आहे पण कधी पडत नाही. तो कागद मी फ्रिजवर लावलाय.

आता मुद्दा. नवी आवृत्ती हेल्मीच्या नावानं बाहेर सोडायची किल्ली एकट्या तुझ्याकडे आहे. ती नसेल तर कायसाला सगळं दुसऱ्या नावानं सोडावं लागेल, आणि हेल्मी वापरणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे ते बदलत बसावं लागेल. पुष्कळ जण बसणारच नाहीत. छोटी वाचनालयं, छोटे दवाखाने, त्यांच्याकडे माणूस कुठाय?

"बापाला लिही," मी म्हटलं.

"त्यानं आधी लिहावं," म्हणाली. "गेला कोण?"

चूक नाही बोलली. तुझी कॅरोल वारली त्या वर्षीच्या वसंतात तू सतरा वर्षांची पोर माझ्याकडे ठेवून निघून गेलास. दुःख झालं की माणसं दारू पितात, भांडतात, सौनाच्या वाफेत बसून रडतात. तू ॲरिझोनाला गेलास. असो. मी लिहितेय हे तिला माहीत नाही.

काम संपत आलंय. तपासणीचे ठिपके असतात, बरोबर असेल तर हिरवा, चुकलं तर लाल. सगळे हिरवे झाले. एकच लाल उरलाय, तू सगळ्यात आधी बनवलेल्या कॉम्प्युटरवरच्या फळ्यातला, बर्फाच्या गाडीनं कुठला रस्ता साफ केला ते दाखवणारा. "तो पुढच्या आठवड्यात बघते," म्हणते.

किल्ली पाठव. कायसा ठीक आहे. तुझा विषय काढत नाही. तिच्या फोनवर दोन गावांचं हवामान दिसतं, आमचं आणि तुझं. मीही विषय काढत नाही.

तुझी आई


रविवार, १५ डिसेंबर २०१९

वेन,

पाकीट पोचलं. किल्ली म्हणजे एवढी लांबलचक अक्षरांची माळ असेल असं वाटलं नव्हतं. खाली तुझी एक ओळ: "फळा अख्खा काढून टाक म्हणावं. नव्यात आणू नको."

आईला कशी आहेस म्हणून विचारायला शाई नव्हती, पण ही ओळ लिहायला होती. आधी रागच आला. मग कायसानं ती वाचली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

थांब, आधी बाकीचं लिहिते. लेम्पीनं कंबर धरली. मी नीसूचा गोड पाव भाजला, वेलची जास्त पडली. बर्फ खिडकीच्या खालच्या काचेपर्यंत आलंय. झालं बाकीचं.

वेन, तो लाल ठिपका तिनं तुझं पाकीट यायच्या आधीच उघडला होता.

मला समजलं तसं सांगते. फळ्याला दोन वेळा लागतात, रस्त्यावर बर्फ कधी पडलं आणि गाडी कधी फिरली. कॅरोल गेली त्या दिवशीच्या नोंदीत सॅलोच्या रस्त्याची बर्फाची वेळ कोणी भरलीच नव्हती. जागा रिकामी. जुनी भाषा रिकाम्या जागेला सगळ्यांच्या आधीचं धरायची, आणि तेही गुपचूप. म्हणजे बर्फ आधी, गाडी नंतर. रस्ता हिरवा, म्हणजे साफ. नवी भाषा तसं करत नाही. ती अडून बसते, इथे काही लिहिलेलंच नाही, मी काय सांगू? मला ही नवी आवडली. पानं न बघता "जेवली सगळी पोरं" म्हणणाऱ्या बायका मी भटारखान्यात टिकू दिल्या नाहीत.

तुमच्यात प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. ते बघायच्या सोयीला तुम्ही लोक 'दोष' म्हणता म्हणे, गमतीनं. कायसानं बघितलं. तिचंच नाव निघालं. सोळाव्या वर्षी, त्या उन्हाळ्यात तू तिला शेजारी बसवून शिकवत होतास, तेव्हाची ओळ. पुढच्याच फेब्रुवारीत कॅरोलची गाडी सॅलोच्या वळणावर बर्फात घसरली.

दोन आठवडे पोरीनं कॉम्प्युटर उघडला नाही. मला कारण कळेना. मग तुझं पाकीट आलं, ती ओळ वाचली आणि म्हणाली, "त्याला माहीत होतं, मुम्मू. तेव्हापासून माहीत होतं. मी ते उघडू नये म्हणून तो सगळं टाकून गेला."

बायको गेली म्हणून तू पळालास असं मी आजवर समजत होते. तू पोरीपासून एक ओळ लपवत होतास. तोंड दिलंय ना देवानं? एकदा माझ्याशी बोलला असतास! कारण जे तुला माहीत नाही ते मला माहीत आहे, आणि त्याचा कोणाला उपयोग असेल हे मला स्वप्नातसुद्धा आलं नाही.

कॅरोलनं तुझा फळा कधीच बघितला नाही. तुला बरं वाटावं म्हणून रोज म्हणायची, बघितला हं. त्या दिवशी सकाळपासून माझ्याकडे होती, आम्ही खिमा-बटाट्याच्या पेस्ट्या भरत होतो. तिचा फोन मेलेला, ओट्यावर वायरीला लावलेला. तुझा कॉम्प्युटर तुझ्याबरोबर, माझ्या घरात तेव्हा दुसरा नव्हता. निघताना मी म्हटलं, "फोन चालू कर, वेनचा फळा तरी बघ."

"आई, खिडकी कशाला आहे?" म्हणाली. बाहेर डोकावली, पेस्ट्यांचा डबा काखेत मारला आणि गेली. फोन विसरून. दुसऱ्या दिवशी तूच तो माझ्या ओट्यावरून उचललास. आठव. वायर अजून माझ्याकडे आहे.

फळा हिरवा असता, लाल असता, नाहीतर चुलीत घातलेला असता. ती खिडकीतून बघून गेली.

हे मी कायसाला सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

मी! मला आजवर कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोलताना ऐकलंयस? पण ती मानत नाही. फोन तू उचललास, म्हणून ते तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती मानणार नाही. पत्र नको, मला नको. तिला सांग, समोर बसून.

फळा तिनं काढून टाकलेला नाही. काल परत कॉम्प्युटर उघडला आणि ती ओळ नव्यानं लिहिली. आता जागा रिकामी असेल तर रस्ता हिरवाही नाही, लालही नाही, पिवळा. त्यावर लिहून येतं: माहीत नाही, बघून निघा.

"मग सोड की बाहेर, किल्ली आली," मी म्हटलं.

"असं नाही चालत, मुम्मू. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून 'चालेल' म्हणावं लागतं."

"मग तो नॉर्वेवाला आहे की. चांगला माणूस दिसतो."

"आहे," म्हणाली. आणि वाचणाऱ्याच्या जागी तुझं नाव घातलं. मी नाही घातलं, मी चष्मा पुसत होते. ती पहिली ओळही तूच वाचून 'चालेल' म्हणाला होतास, असं तिनं मला दाखवलं. रागानं नाही दाखवलं.

वर्ष संपेपर्यंत थांबेन म्हणते. मग नॉर्वेवाल्याला विचारेल, आणि तुला पुन्हा कधी विचारणार नाही. ती माझी नात आहे.

शनिवारी सौना तापवते. तुझा टॉवेल वरच्या फळीवर आहे, तसाच. जाड मोजे आण, तिकडे मिळत असतील तर.

कायसाच्या नव्या फळ्यावर आमच्या रस्त्याची जागा आत्ता पिवळी आहे. बघून नीघ.

पण नीघ.

तुझी आई,
हेल्मी