येळ्ळूरचा फोन येईपर्यंत

शहापूर, बेळगाव

तीर्थस्वरूप नागोजी दाजींना धाकटा मेव्हणा शामू याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. अक्काताईचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला बसला का? आमचं बरं म्हणायचं. माग चालू आहेत, जीव मात्र धाग्याला लटकलाय. (पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. मला फोनचीच भीती बसली आहे.)

आमच्या साईराजचं येळ्ळूरात जमत आलंय. माणसं चांगली, "घरात विचारून फोन करतो" म्हणून गेलीत. मागावाल्याच्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड, ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्याकडं नंबर माझा. मी अंघोळीलासुद्धा फोन खिडकीत ठेवून बसतो.

अशात मला दुर्बुद्धी सुचली. मोबाईलच्या दुकानात पाटी दिसली, नव्या ग्राहकाला तीन महिने फुकट. म्हटलं, आपण तर कंपनीचं आद्य गिऱ्हाईक, आपल्याला वर्ष तरी देतील. दुकानातली नीलम हसली. "आजोबा, जुन्यास्नी काय न्हाय. जुनी माणसं कुठं जात न्हाईत, हे कंपनीला ठाऊक हाय." घरी येऊन तणतणलो, तर आमची जयाबाई शेंगा फोडत म्हणाली, "आपल्या दिपालीच्या लग्नात नव्या जावयाला अंगठी घातलासा, आन् दाजींस्नी टॉवेल-टोपी. कंपनी तुमच्याकडंच शिकली असंल." (तिचं मनावर घेऊ नका.)

मग नीलमनंच वाट दाखवली. नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचं, म्हणजे तिथं आपण नवे. तसा मेसेज पाठवला मात्र, जुन्या कंपनीच्या बायकांचे फोन सुरू झाले. सर, आमचं काय चुकलं? इतक्या वर्षांत बरा आहेस का असं कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक फोन अनोळखी नंबरवरून, प्रत्येक वेळी येळ्ळूर समजून माझ्या काळजाचं पाणी. एकीला तर मी सांगून बसलो, मुलगी आमच्यात लेकीसारखी राहील. ती बरं म्हणाली.

शेवटी दुकानात अंगठा लावायला गेलो, तर पडद्यावर नंबराचा मालक म्हणून भलत्याच माणसाचं नाव. नीलम म्हणाली, "तुम्ही जुनं गिऱ्हाईक न्हाय, आन् नवंबी न्हाय. कंपनीच्या लेखी तुम्ही कोणच न्हाय." असला नंबर तपासणीत कधीही बंद पडतो म्हणे. नेमका तेव्हाच येळ्ळूरचा फोन आला तर? नंबर अस्तित्वात नाही, असं ऐकल्यावर त्या घरात मुलगी कोण देईल?

अक्काताईला सांगा, शामूनं आठवण काढली.

तुमचाच,
शामू

ता.क. पडद्यावरचं नाव तुमचं होतं. माझ्या रेशनकार्डावर नाव चुकलं होतं, म्हणून तेव्हा तुमच्या कार्डावर सिम घेतलं. दिपालीच्या लग्नापासून तुम्ही आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, ठाऊक आहे. तरी एकदा यावं आणि नंबर माझ्या नावावर करून द्यावा. तुमच्या अंगठीचं जयाबाईनं सोनाराला सांगितलंय.

ता.ता.क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात धीर करून मीच येळ्ळूरला फोन लावला. हल्ली म्हणे फोनवर मालकाचं नाव दिसतं. पलीकडून विचारलं, "कोण, नागोजीराव का? मुलाचे आतोबा?" भीतीनं तोंडातून गेलं, "व्हय." ते खूश झाले. जुना जावई स्वतः पुढं होऊन विचारतोय, म्हणजे घर चांगलं, म्हणाले. मुलगी द्यायला तयार आहेत. रविवारी सुपारी फोडायला नागोजीरावांनाच बोलावलंय. दाजी, तुम्ही आला नाहीत, तर मी तिथं कोण म्हणून जाऊ?