योग्य मापाचे जॅकेट

भाईंदर पूर्व,
रविवार, दुपार

प्रिय शालू,

'कशी आहेस' असं विचारायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही, म्हणून सरळ सुरुवात करते. हे पत्र रीमाकडून वाचून घेऊ नकोस. तुझी लेक फार भराभर वाचते आणि वाचता वाचता मान वर करून बघते. तू सावकाश वाचतेस तेच बरं. मी दोनदा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत येऊन गेले. एकदा हातात शहाळीसुद्धा होती. वॉचमनने विचारलं, "किसको मिलना है?" आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघेना. शहाळी तशीच घरी आणली, आमच्या ह्यांनी प्यायली.

सातवीत असताना पालीच्या शाळेत वजनं घ्यायला नर्सबाई आल्या होत्या, आठवतं? एकेकाला काट्यावर चढवून मोठ्याने आकडा सांगायच्या आणि बाई वहीत लिहून घ्यायच्या. वर्गात जाड अशा आपण दोघीच. पोरं आपल्याला 'दोन पिंपं' म्हणायची. मी रडायच्या बेतात होते. तू पुढे घुसलीस, काट्यावर चढलीस आणि नर्सबाईंच्या आधी स्वतःच ओरडलीस, "बावन्न! कोनाला उचलाचं हाय?" वर्ग इतका हसला की त्या गोंधळात माझा आकडा कुणाच्या कानावर गेलाच नाही. पुढे माझं लग्न झालं, मी भाईंदरला आले. गोळ्या, चालणं, मोजून जेवणं असं करत बारीक झाले. ऑफिसात कुणाला पत्ताही नाही की ही स्टोअरवाली सुचेताबेन एके काळी पिंप होती. खरं सांगते, तो लागू नये याची मी फार काळजी घेतली.

तुला आमच्या रस्तेसफाईच्या कंत्राटदाराकडे झाडूकामावर मीच लावलं. तुझ्या घरातली होडी विकली गेली तेव्हा तू माझ्याकडे आलीस आणि मी अगदी उपकारकर्तीच्या थाटात तुझा अर्ज पुढे सरकवला. यंदा दिवाळीनंतर सगळ्यांना रेडियमच्या पट्ट्यांची नवी जॅकेटं घ्यायची ठरली. खरेदी बघणारे अल्पेशभाई म्हणाले, "सुचेताबेन, फ्री साइज मंगवा लो, सबको आ जाएगा." मी नाही म्हटलं. मोठ्या अंगाच्या माणसाला फ्री साइज कधीच होत नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? मी दोन पानं लिहून दिली. माप शर्टाच्या नंबरावरून नको, अंगावरच्या कपड्यांवरून घ्यायचं. बायकांचं साडी-पदरावरून, स्वेटर असेल तर स्वेटरवरून. वाकून झाडता यावं म्हणून चार बोटं सैल ठेवायचं. उंचीही बघायची, नाहीतर वाकलं की मागून वर चढतं. आणि मुख्य म्हणजे चेन पूर्ण लागली पाहिजे, म्हणजे चमकती पट्टी पुढून मागे सगळीकडून दिसेल. अल्पेशभाई खूश झाले. मीही झाले.

मग वरसाव्याच्या तुमच्या हजेरी चौकीत टेप घेऊन बसले. तुझ्याबरोबर झाडणाऱ्या बाबाजींच्या पोटाभोवती टेप पुरेना, तेव्हा ते म्हणाले, "दुसरी जोड त्याला." तुझं माप पदरावरून घेतलं. तूच म्हणालीस, "सुचे, चार एक्सेल लिव. मागचा मना होतच नव्हता." मी तसंच 4XL लिहिलं. माझ्या अक्षरात, निळ्या पेनने.

संध्याकाळी ती यादी कॉम्प्युटरवर चढवायला घेतली आणि माझा हात अडला. अल्पेशभाईंची पद्धत तुला ठाऊक आहे. सामान वाटताना हजेरीसारखं नाव आणि साइज मोठ्याने वाचतात, वर काहीतरी कोटी करतात. बाबाजींच्या नावापुढे 'तंबू' येणार हे ठरलेलंच होतं. तुझ्या नावापुढे काय येईल याचा विचार करत मी बसले आणि तिथे चाराचा आकडा गाळून नुसतं एक्सेल लिहिलं. तुझं हसं होऊ नये म्हणून, असं मी मनाला समजावलं. शालू, हे खोटं आहे. तुला हसण्याची भीती कधी होती? भीती मला होती. 'सुचेताबेनची मैत्रीण' असं म्हणून कुणी एकदा तुझ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघेल, बस, एवढ्याचीच.

वाटपाच्या दिवशी तंबू आला, सगळे दोन मिनिटं हसले, बाबाजी नवरदेवासारखे गोल फिरले आणि विषय संपला. त्यांच्या जॅकेटची चेन आज नीट लागते. तुझ्या हातात एक्सेल आलं. तू आधी जॅकेटकडे बघितलंस, मग माझ्याकडे. हात घातलेस, पुढच्या दोन बाजूंमध्ये वीतभर अंतर राहिलं. आणि मी, सगळ्यांसमोर, काय म्हणाले? "जरा वजन कमी कर शालू, मग बसेल." लोक हसले. तूही हसलीस. त्या वाक्याची मला इतकी लाज वाटते की हे लिहितानाही कान तापलेत.

त्यानंतर तू ते उघडंच घालायचीस, पुढून नाडीने बांधून. पट्ट्या सरकून काखेत जायच्या, वरून पदर. दर शनिवारी झाडू आणि हातमोजे न्यायला यायचीस तेव्हा मला ते दिसायचं. मागणीचा एक कागद भरला असता तर पंधरा दिवसांत दुसरं आलं असतं. पण कारणाच्या रकान्यात काय लिहायचं होतं मी?

त्या दिवशी सकाळी साडेसहाला पुलाच्या वळणावर टेम्पोने तुला बाजूने उडवलं. ड्रायव्हर म्हणतो, त्याला आधी झाडू दिसला, बाई दिसलीच नाही. पाय दोन ठिकाणी मोडल्याचं मला आठ वाजता कळलं. मी हॉस्पिटलकडे धावायला हवं होतं. मी स्टोअरचं कपाट उघडलं आणि निळ्या पेनची यादी पर्समध्ये लपवली. दुपारी सेफ्टीच्या ममता मॅडमनी लेखी माहिती मागितली, तेव्हा मी लिहून दिलं: 'सदर कामगारास योग्य मापाचे जॅकेट देण्यात आले होते.' खाली सही. एवढं नीच मी कधीच वागले नव्हते.

शुक्रवारी तुझा जबाब फाइलला लावायला माझ्याच टेबलावर आला. 'जॅकेट माझ्या मापाचं होतं. गरम होतं म्हणून चेन मीच लावली नाही.' डिसेंबरात, शालू! मला वाचवायला तू एवढं खोटं बोललीस, आणि त्याच कागदावरून आता हलगर्जीपणाचा ठपका ठेवून तुला कामावरून काढायचं चाललंय. हे कळूनही मी शुक्रवार गप्प बसले, शनिवारही गप्प बसले. आज सकाळी मात्र मीरा रोडला ममता मॅडमच्या घरी गेले, यादी त्यांच्या हातात दिली आणि लिहून दिलं की शालूने माप बरोबर सांगितलं होतं, ते मी बदललं. त्यांनी एवढंच विचारलं, "पण ती स्वतः तसं सांगेल का?" उद्या अकराला त्या तुझ्या खाटेपाशी पुन्हा विचारायला येणार आहेत. त्याआधी तुला मिळावं म्हणून हे पत्र वॉर्डच्या सिस्टरकडे ठेवतेय. तू पहिलाच जबाब धरून बसलीस तर माझं लिहिणं आणि माझ्याच अक्षरातली यादी मैत्रिणीखातर केलेली म्हणून बाजूला पडेल, माझी नोकरी राहील आणि तुझी जाईल. तेवढं करू नकोस. मला वाचवू नकोस, शालू. मी दाराबाहेर बाकावर असेन. त्यांना खरं सांग, आणि मग मला आत बोलवायचं की नाही ते तू ठरव.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क तुझ्याकडे सोडून,
सुचेता