सयाजी बसेल एवढी काच

॥ श्री ॥

आंबेमाळ वाडी, उमरठच्या वर,
ता. पोलादपूर
२ एप्रिल २०२५

चि. सेजल हिस आजी ठकूबाईचे अ. उ. आ.

आशीर्वाद पहिल्या ओळीत संपले. आता पुढं नुसता राग हाय, तो बसून वाच.

फोन का नाय केला म्हणशील. फोनवर तुला बोलायला घेतलं की रेंज जाते, आणि मग तू म्हणतेस, आजी, काहीच ऐकू आलं नाही. कागदाची रेंज जात नाय. म्हणून भरतच्या बायकोला, रूपालीला, अंगणवाडी सुटल्यावर समोर बसवलंय. मी सांगेन तसं लिही, मधे साखर घालू नको, असं तिला बजावलंय.

ऐन पाडव्याला आम्ही बाया झऱ्यावर गेलो, तर वरच्या डोणीत, त्या दगडी कुंडात, चार बाप्ये बसलेले. काठावर नाय गो, आत. साबण लावून. वरची डोण पिण्याची, खालची गुरांची आणि धुण्याची, हे वाडीतल्या वासरालाही कळतं. आम्ही चपला खालच्या दगडापाशी काढतो आणि मग वर चढतो. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पाण्यात मी पायाचा अंगठा बुडवला नाय. आणि हे चौघं एकमेकांच्या डोक्यावर तांबे ओतत होते, मोजून.

चैत्रात झऱ्याची धार करंगळीएवढी होते हे तुला सांगायला नको. तेरा घरांचे हंडे म्हणून रांगेत लावलेले असतात. हंडा उभा म्हणजे माणूस उभं. त्यांच्यासोबतच्या पोरींनी ते सगळे हंडे उचलले, दगडावर एकावर एक रचले, आणि शेजारी उभं राहून फोटो काढले. रांग मोडली. मग पहिला हंडा कुणाचा यावरून बनुबाई आणि चंद्रभागा अशा भांडल्या की गुढीला नैवेद्य दाखवायचा राहिला. अजून एकमेकींशी बोलत नायत.

मी त्या बाप्यांना विचारलं, कुणी धाडलं रे तुम्हांला. एकानं फोन पुढं केला. त्यात माझंच तोंड! शेजारी तुझं. शिमग्याला आलीस तेव्हा फोन उलटा धरून आपल्या दोघींचं काहीतरी काढत होतीस, ते हे. लाखभर लोकांनी बघितलं म्हणे. लाखभर लोकांना आमच्या पाण्याची वाट दाखवलीस आणि आम्हांला सांगितलंसही नाय.

आणि वर भरतजवळ निरोप धाडतेस, मोबाईल पुरत नाही, नवा कॅमेरा घेते, आजी आशीर्वाद दे. नाय देणार. एवढ्याशा फोननं हे केलंस, कॅमेरा घेऊन काय डोंगर विकणार हायस? तुझ्या हापिसातल्या त्या दीपेशलाही सांग, ज्याचं नाव तू प्रत्येक फोनमधे तीनदा घेतेस आणि नुसता मित्र म्हणतेस.

राग हाय म्हणून माया आटली असं समजू नको. झराच तेवढा आटलाय. खाली माझा अंगठा हाय.

ठकूबाई

(सेजल, हे आजींनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते. तो व्हिडिओ एकदा आवाज मोठा करून ऐक. त्या दिवशी वाऱ्यात आजींना ऐकू आलेलं नाही आणि मी अजून ऐकवलेलं नाही. – रूपाली)


ठाणे
९ एप्रिल २०२५

ती. आजीस सेजलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग व्हिडिओ आवाज देऊन पुन्हा ऐकला, आणि मग मलाही राग आला. रूपालीवहिनी, हे पत्र आजीला गाळून वाचू नका.

आजी, त्या व्हिडिओत तू काय बोललीस ते तुला आठवतं का? हे पाणी डोक्यावर घ्या, टकलावर केस उगवतात, खोटं वाटत असेल तर आमच्या सयाजीला विचारा, असं तू ठणकावून सांगितलंस. मी शिकवलं नव्हतं. ते चार बाप्ये डोक्यावर तांबे मोजून का ओतत होते, कळलं का आता? माझ्या ओळखीतल्या एकानंही मला वाट विचारली होती, त्याच्या मामासाठी. सगळ्यांना वाटलं आजीबाई जुनं काही सांगतायत.

माझी चूक मी नाकारत नाही. खाली 'चमत्कारी झरा' असं मी लिहिलं, आणि लोकांनी रस्ता विचारला तेव्हा हौसेनं उमरठपासूनची सगळी वळणं सांगितली. लोक हसतील असं वाटलं होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तो काढून टाकला. पण तोवर दुसऱ्यांनी उचलून आपापल्या नावावर लावला होता. ते माझ्या हातात नाही. रोज शोधते, रोज दोनचार नवे सापडतात. मी इथं एकेकाला काढा म्हणून विनवतेय, आणि तू मला डोंगर विकणारी म्हणतेस.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर तो मी घेणार आहे. दोन वर्षं मनात आहे. दोन पसंत पडलेत, दोन्ही लहानच, पर्समधे मावणारे, भिंग बदलता येणारे. पहिला अगदी हलका. त्याचा पडदा उलटा फिरतो, म्हणजे व्हिडिओ काढताना आपलं तोंड आपल्याला दिसतं. पण चालताना हात हलला की चित्र हलतं. दुसरा थोडा जड, पण हाताची थरथर आतल्या आत सावरतो, आणि त्याला डोळा लावून बघायची खिडकी आहे. दीपेश म्हणतो पहिलाच घे, माझ्या व्हिडिओत बोलणारी तोंडंच जास्त असतात.

आशीर्वाद नको देऊस. पण राग सगळा माझ्यावर टाकू नको, अर्धा स्वतःकडे ठेव. आणि तब्येत सांभाळ, हे रागातच लिहितेय.

तुझी (अजून तुझीच)
सेजल


आंबेमाळ वाडी
१७ एप्रिल २०२५

चि. सेजल हिस अ. उ. आ.

अर्धा राग ठेवून घेतला. पुष्कळ हाय, तुझा वाटा कमी झालेला नाय.

पत्र ऐकल्यावर रूपालीला म्हटलं, दाखव काय ते. भरतनं फोनात साठवून ठेवलेलं होतं. तीनदा लावायला लावलं. बोललेय खरी. पण मला सांग गो, सयाजी कुठंय?

तुझा सयाजीआजोबा, माझा धाकटा दीर, लग्नाआधीपासून घासलेल्या तांब्यासारखं डोकं घेऊन फिरतोय. जन्मभर त्याच झऱ्याचं पाणी डोक्यावर घेतलंय त्यानं, एक केस उगवला नाय. त्या दिवशी तो बादली घेऊन माझ्या हाताशीच उभा होता. मी त्याच्याकडे हात करून बोलले, म्हणून तर सगळी वाडी हसली, सयाजी सगळ्यांत मोठ्यानं. आणि तुझ्या व्हिडिओत माझा हात मनगटापाशी तुटलाय! मनगटापुढं सयाजी होता. तुझी माझी दोन तोंडं भोपळ्याएवढी काढलीस आणि ज्याच्या डोक्यावर बोलणं होतं ते डोकंच बाहेर ठेवलंस. मग लोकांना खरं नाय वाटणार तर काय?

मी थट्टा केली, ती माझी चूक. वाडीत बोलायचं ते लाखभर लोकांत बोलतेय हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

आता हसणं पुरे, ऐक. गेल्या शनिवारी खाली अकरा गाड्या लागल्या. वरच्या डोणीवर तेलाचा तवंग आला. चंद्रभागेच्या नातवाला जुलाब लागले, पोलादपूरला नेऊन सलाईन लावलं. पोरगं घरी आलंय, पण डोळे खोल गेलेत. आम्ही डोण उपसली, काथ्यानं घासली, चुना लावून धुतली, आणि ती परत भरायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस बाया खाली नदीच्या डोहावरून पाणी आणत होत्या. मी चंद्रभागेच्या दारात गेले तर ती पोराला उचलून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझ्या आजीच्या एका थट्टेपायी तिचा नातू जात होता, हे तिला ठाऊक हाय आणि मलाही.

म्हणून सांगते, आता कॅमेरा घेच. मोडलंस तसं नीट कर.

महाडच्या बाजारात मी कोयता घ्यायला जाते तेव्हा चकाकी बघत नाय. मुठीत धरते, मनगट फिरवून बघते, आणि विचारते की बोथट झाला तर धार आमच्याकडे लावता येईल का. तू पण तसंच कर. दुकानदाराच्या टेबलावर ठेवलेला बघू नको. एका हातात धर आणि दुसऱ्या हातानं करवंदीची फांदी धरून चढतेयस असं समज. जड पडतो का? निसटतो का? आमच्याकडे वीज दिवसदिवस जाते, त्याचा सेल तोवर टिकेल का ते विचार. दुसरा सेल मिळतो का ते पण विचार.

तोंड दिसणारा पडदा कशाला? तुझं तोंड तुला रोज आरशात दिसतं, आणि दीपेशला हापिसात. खिडकीला डोळा लावून बघायचा तो घे. एक डोळा मिटला की माणूस दुसऱ्यानं नीट बघतो.

आणि काच रुंद घे. दुकानदाराला सरळ सांग, सयाजी बसेल एवढी काच हवी.

ये. रागावलेल्या माणसाच्या घरी पण जेवण असतं.

अंगठा ठकूबाईचा


ठाणे
२५ एप्रिल २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

चंद्रभागाकाकूच्या नातवाचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तिच्यापुढं कुठल्या तोंडानं येऊ कळत नाही, पण येते.

काल दुकानात दोन्ही कॅमेरे हातात धरून बघितले. करवंदीची फांदी म्हणून दीपेशचा दंड धरला. (हे वहिनी, तुम्ही वाचलंच पाहिजे असं नाही.) पहिला इतका हलका की धरायला जागाच नाही, बोटं कुठं ठेवावीत कळेना. दुसरा मुठीत बसला. तरी दीपेश पहिल्याचंच धरून बसला होता. तेव्हा मी त्याला आपला जुना व्हिडिओ दाखवला, मनगट कुठं तुटलंय ते दाखवायला. आणि आजी, मला त्यात एक गोष्ट दिसली जी मी शंभर वेळा बघूनही बघितली नव्हती.

तुझ्या कानामागे बनुबाई उभी आहे. बोटभर दिसते. कमरेवर रिकामा हंडा. व्हिडिओ संपेपर्यंत ती हलत नाही, कारण मी धारेकडे जाणाऱ्या पायवाटेवरच उभी आहे, तिची वाट अडवून. ती माझ्याकडे बघतेय. आणि मी पडद्यात माझ्याकडे बघतेय.

दीपेशनंच पहिला दुकानदाराला परत दिला. दुसरा घेतला. रुंद भिंग घेतलं, एक सेल जादा घेतला. दुकानदाराला सयाजीआजोबांचं सांगितलं, तो म्हणाला सयाजी आणि त्यांचे चार भाऊ बसतील.

३ मेला सकाळी पोलादपूरला उतरते. चपला खालच्या दगडापाशी काढीन. ओरडायचं ते तिथंच ओरड, घरी नको.

सेजल


आंबेमाळ वाडी
२१ मे २०२५

चि. सेजल हिस अ. उ. आ.

पोचलीस त्याचा निरोप भरतनं दिला. तू गेल्यावर घर मोठं झालं आणि तुझ्यावरचा राग लहान झाला नाय, दोन्ही कळव म्हणून रूपालीला सांगितलंय.

पहिला राग हा, की नव्या व्हिडिओसाठी मला ते केसांचं वाक्य चारदा बोलायला लावलंस. एकदा वारा, एकदा बकरी, एकदा सयाजीच हसला. शब्द बदलू नको म्हणालीस, ते बरोबर होतं, मी पण बदलले नसते. चौथ्यांदा हात केला तो थेट सयाजीच्या टाळक्यावर बसला, फट्‌कन. यावेळी हात पोचला.

दुसरा राग बनुबाईचा हाय. तिचं म्हणणं, कॅमेऱ्यातून बघता बघता तू एकदम डोळा काढून तिला म्हणालीस, काकू, तुम्ही आधी भरून घ्या, आणि बाजूला झालीस. ती म्हणते, शिमग्यालाच झाली असतीस तर? मी म्हटलं, तेव्हा पोरीजवळ खिडकी नव्हती.

चंद्रभागेनं तुला चहा दिला, मला दिला नाय. तो मी मिळवीन. रोज सकाळी तिचा हंडा मी भरून देते. ती नको म्हणत नाय आणि बरं पण म्हणत नाय.

नवा व्हिडिओ लोकांनी जुन्याएवढा बघितला नाय, असं भरत सांगतो. खोट्याला पाय लवकर फुटतात बहुतेक. पण ज्यांनी जुना आपल्या नावावर लावला होता, त्यांतल्या काहींनी खाली हा पण जोडला, आणि गाड्या अकराच्या चार झाल्या, मग दोन. वाट आम्ही करवंदीच्या काट्यांनी बंद केली. शनिवार-रविवार सयाजी तिथं टोपी काढून बसतो. आलेली माणसं त्याच्या डोक्याकडे बघतात आणि बरीचशी तिथूनच वळतात. साठ वर्षांत पहिल्यांदा त्या डोक्याचा उपयोग झाला, तो भाव खातोय.

तू छापून धाडलेला फोटो पांडू पोस्टमन घेऊन आला. तेरा हंडे, सगळी रांग, डोण, सयाजी, बनुबाई, काकडी खाणारी बकरी. मी कोपऱ्यात अर्धी. मीच सांगितलं होतं रुंद घे म्हणून, आता काय बोलू? फोटो अंगणवाडीच्या भिंतीवर लावलाय. परवा पुन्हा रांगेवरून वाजलं, तर बनुबाई आणि चंद्रभागा दोघी तावातावानं फोटोपुढं गेल्या आणि बोटानं हंडे मोजत बसल्या. चंद्रभागेचा पहिला निघाला. दीड महिन्यानं दोघी एकमेकींशी बोलल्या, भांडायला का होईना.

आता रविवारचं ऐक. दुपारी एक म्हातारा चढून आला, एकटा, हातात मोकळी बाटली, डोक्यावर केस नाय. मी काठी घेऊन उठले. जुना व्हिडिओ बघून आलाय हे दिसतच होतं. चपला दगडापाशी त्यानं आपण होऊन काढल्या. मी नुसता हात केला सयाजीकडे. सयाजीनं डोकं वाकवून दाखवलं. म्हातारा बघत राहिला. मग बाटली खाली ठेवली आणि असा हसला, असा हसला, की त्याला दगडावर टेकावं लागलं. म्हणाला, बाई, एवढं चढून आलो, निदान थट्टा तरी पुरी ऐकायला मिळाली.

बाटली त्याची भरली नाय. रांगेत हंडा नव्हता त्याचा. पण माझ्या हंड्यातला तांब्या भरून त्याला प्यायला दिला.

पुढच्या खेपेला मला पुरी काढ, अर्धी नको. तोवर राग हाय, माया हाय, दोन्ही ताजी ठेवते. खराब व्हायच्या आत ये.

अंगठा ठकूबाईचा

(दीपेशला आण असं आजींनी तीनदा सांगितलं आणि तीनदा लिहू नको म्हणाल्या. – रूपाली)