आमचे पेटलेले दिवस

३ जून, सकाळ
कॉलेजातल्या साहित्यिक दिवसांच्या आठवणी आजपासून लिहायला घेतल्या. निवृत्त माणसाने समाजाला काहीतरी द्यावं. रोज चार पानं, म्हणजे पावसाळ्यात पुस्तक हातावेगळं. हिला सांगितलं. आधी पंखा पुसा म्हणाली.

३ जून, दुपार
पहिलं वाक्य झालं: 'आम्ही पेटलेले होतो.' दमदार. मग जरा डोळा लागला.

६ जून
अडलं. नेमके कशाने पेटलो होतो ते आठवेना. आमच्या गटातल्या फिलॉसॉफरला फोन केला. तेव्हा तो आयुष्याचा अर्थ शोधायचा, आता बाथरूमच्या टाइल्स विकतो. म्हणाला, तू तर आमच्या चर्चेत झोपायचास. स्मरणशक्ती गेली बिचाऱ्याची. मी डोळे मिटून चिंतन करत असे.

९ जून
हिला विचारलं. ही आमच्याच कॉलेजात, एक वर्ष मागे. विचारलं ते केवळ तपशिलासाठी. भाजी निवडता निवडता सांगत सुटली. अर्थशास्त्राच्या पुस्तकाचं कव्हर चढवून वर्गात कादंबऱ्या वाचायची म्हणे. एकदा सरांनी उभं करून मोठ्याने वाचायला लावलं. हिने चुंबनाचा अख्खा परिच्छेद न अडखळता वाचला. सर म्हणाले, मागणी आणि पुरवठा समजला, बसा.
लिहून घेतलं. शैली अर्थात माझी.

१७ जून
ही बोलते, मी उतरवतो. माझा भाग नंतर भरीन. पाया तिचा, कळस माझा.
आज कळलं की हिच्या कथेला कॉलेजात पहिलं बक्षीस होतं. लग्न ठरल्यावर हिने मला विचारलं होतं म्हणे, लिहीत राहिले तर चालेल ना? मी म्हणालो होतो, घरात एक लेखक पुरे. मला आठवत नाही, पण वाक्य चांगलं आहे. ठेवलं. ही उठून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

२ जुलै
हस्तलिखित प्रकाशकाकडे दिलं. कळस घाईत राहिला. प्रस्तावना मात्र भरघोस झाली आहे, मजकूर हिने सांगितला हेही त्यात एका ओळीत नोंदवलं.

२८ जुलै
संपादकबाईंचा फोन. पुस्तक घेतलं! वहिनींचा भाग एका बैठकीत वाचला म्हणाल्या. प्रस्तावना काढू या, पेटलेले होतो म्हणता आणि पुढे धूरसुद्धा नाही. मग विचारलं, नाव वहिनींचंच ना?
हो म्हणालो. मन मोठं लागतं. हिला सांगितलं. मग संध्याकाळी टेबलाची माझी बाजू आवरून तिथे बसली. दुसरं पुस्तक सुरू केलंय. हे मात्र स्वतःच उतरवते.

११ ऑक्टोबर
प्रकाशन समारंभ. चार शब्द तयार ठेवले होते. बोलायला कुणी सांगितलं नाही, वेळ कमी असणार. ही छान बोलली. लोक हसले, एक-दोघींनी डोळे पुसले. मीही, पण माझं चष्म्यामुळे.
नंतर एका मुलीने विचारलं, तुम्ही लेखिकेचे कोण? मी म्हणालो, लेखनिक. अच्छा म्हणाली, तिची पिशवी माझ्या हातात दिली आणि सहीसाठी रांगेत जाऊन उभी राहिली.
रांग मोठी होती.